एनएफएल ड्राफ्ट पहिल्यांदा पाहताय? स्काउटच्या गाडीपासून निवडीच्या रात्रीपर्यंत

मिशिगनला आलो त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये ऑफिसातल्या एकानं मला घरी ड्राफ्ट बघायला बोलावलं. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी कॉलेजातले नवे खेळाडू आळीपाळीनं निवडून घ्यायचे. माझ्या डोक्यात मात्र आयपीएलचा लिलाव होता. तासभर टीव्हीसमोर बसून शेवटी विचारलं, "बोली कधी लागणार?" खोलीतल्या सहाही जणांनी माझ्याकडे वळून पाहिलं. एकानं न बोलता माझ्या प्लेटमध्ये पिझ्झाचा आणखी एक तुकडा वाढला.

त्यानंतर बरेच ड्राफ्ट पाहिले. २०२४ मध्ये तर ड्राफ्टच आमच्या डेट्रॉइटला आला. दर वर्षी एप्रिल उजाडला की मंडळाच्या ग्रुपवर नवे लोक तेच प्रश्न विचारतात आणि मी तीच उत्तरं तुकड्यातुकड्यांनी टंकत बसतो. म्हणून या वेळी सगळं एकदाच लिहून टाकतोय. अमेरिकन फुटबॉलचे नियम इथे सांगत नाही. डाउन म्हणजे काय आणि क्वार्टरबॅक कोण, एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की करा, कारण मला ती कळायला फार वर्षं लागली. टीव्हीवर दिसते ती रात्र निवडीची नसून यादी वाचून दाखवायची असते. निवड त्याआधीचे दहा महिने चाललेली असते, आणि खरी मजा त्या दहा महिन्यांत आहे.

सोबत काय हवं

- आपल्या संघाकडे यंदा कोणत्या फेरीत कितव्या क्रमांकाच्या निवडी आहेत, त्याची यादी. अदलाबदली सतत चालू असते, म्हणून ड्राफ्टच्या आदल्या दिवशी ती पुन्हा तपासा.
- संघातल्या जागांचा तक्ता: कोणत्या जागी कोण खेळतो आणि कोणाचा करार कधी संपतो. यातली दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात.
- एखाद्या जाणकारानं केलेली खेळाडूंची क्रमवारी. मी डॅनियल जेरेमाया यांची ठेवतो. टीव्हीवर येण्याआधी त्यांनी तीन संघांसाठी स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा, म्हणून काम केलंय. पाच जणांच्या पाच याद्या घेऊन बसाल तर रात्रभर याद्याच जुळवत राहाल.
- निवडींच्या किमतीचा तक्ता. त्याबद्दल सातव्या पायरीत.
- एक वही. कागदाची. ती कशाला, ते शेवटी सांगतो.

१. आधी रांग समजून घ्या

आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये सर्वांत जास्त मार्कवाला आधी कॉलेज निवडतो. इथे बरोबर उलटं आहे. निवडणारे असतात संघ, आणि गेल्या मोसमात ज्याची सर्वांत दाणादाण उडाली त्याचा नंबर पहिला. एकूण ३२ संघ आणि ७ फेऱ्या. प्लेऑफ न गाठलेले १८ संघ आधी, मग प्लेऑफमध्ये जे जसे बाद झाले तसे. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, हरलेला ३१ वा, जिंकलेला ३२ वा. दोन संघांची कामगिरी सारखीच असेल तर ज्याला दुबळे प्रतिस्पर्धी मिळाले होते तो आधी.

ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. त्यांचा संघ हरायचा, आणि कॉलेजातून निघणारे चांगले खेळाडू मोठ्या, पैसेवाल्या संघांकडे जायचे. पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला. सर्वांत पहिली निवड होती शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर, आणि हा गृहस्थ एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पहिल्या निवडीचा भरवसा किती धरायचा, याचा दाखला पहिल्याच दिवशी मिळाला म्हणायचा.

बोली नाही, मग पैशांचं काय? निवडीच्या क्रमांकावरून पगार जवळजवळ ठरलेलाच असतो. करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षी ठेवून घ्यायचा हक्क संघाला असतो. ही शिस्त २०११ पासूनची. २०१० मध्ये पहिला निवडला गेलेला सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार घेऊन गेला, आणि पुढच्याच वर्षीच्या पहिल्या निवडीला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे मिळाले सुमारे २.२ कोटी. नवा खेळाडू चांगला निघाला तर तो संघाला चार वर्षं स्वस्तात मिळतो. ड्राफ्टला एवढं महत्त्व का, त्याचं निम्मं उत्तर यातच आहे.

इथली गल्लत: ७ गुणिले ३२ म्हणजे २२४, पण निवडी २५७ च्या आसपास होतात. आपले करारमुक्त खेळाडू गमावलेल्या संघांना भरपाई म्हणून तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी जादा निवडी मिळतात. म्हणून 'तिसऱ्या फेरीतला १०० वा' असं कुणी म्हणालं तर त्याचं गणित कच्चं आहे असं समजू नका.

२. मुलगा पात्र कधी होतो

शाळा सुटून तीन वर्षं व्हायला हवीत. २००३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मॉरिस क्लॅरेटनं या नियमाविरुद्ध कोर्टात दाद मागितली. खालच्या कोर्टात जिंकला, अपिलात हरला. अपिलाचा निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश होत्या सोनिया सोटोमायर, ज्या पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आमच्या ट्रिव्हियाच्या संध्याकाळी हा प्रश्न मला दोनदा जिंकवून गेलाय.

कॉलेजची मुदत शिल्लक असलेल्या मुलांना जानेवारीत ठरवावं लागतं: थांबायचं की जायचं. ते लीगच्या समितीकडून अंदाज मागवू शकतात. समिती सांगते पहिली फेरी, दुसरी फेरी, नाहीतर 'कॉलेजातच थांब'. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे कमवायची मुभा मिळाली, तेव्हापासून थांबणारे वाढलेत. चौथ्या फेरीत जाण्यापेक्षा कॉलेजात आणखी एक वर्ष काढणं काहींना जास्त परवडतं.

३. स्काउटचं वर्ष: ऑगस्टपासून मोजा

ही पायरी टीव्हीवर दिसत नाही, आणि नव्या माणसाला सर्वांत जास्त इथेच शिकायला मिळतं.

प्रत्येक संघाचे विभागवार स्काउट असतात. एकाच्या वाट्याला काही राज्यं. ऑगस्टमध्ये कॉलेजांचे सराव सुरू झाले की त्याची गाडी निघते, ती नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत हॉटेल ते मैदान अशीच फिरत राहते. कोरी वही घेऊन मात्र तो निघत नाही. बहुतेक संघ दोनपैकी एका सामाईक स्काउटिंग संस्थेचे सभासद असतात. त्यांतली ब्लेस्टो १९६३ मध्ये डेट्रॉइट लायन्स, ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स यांनी मिळून सुरू केली. प्रत्येकानं स्वतंत्रपणे देशभर माणसं पाठवण्यापेक्षा प्राथमिक पाहणी वाटून घेऊ, एवढाच हिशेब. दुसरी नॅशनल. पुढच्या वर्षी पात्र होणाऱ्या मुलांची उंची, वजन आणि ढोबळ दर्जा या संस्था वसंतातच गोळा करून देतात.

कॉलेजात पोचल्यावर स्काउट सकाळी अंधाऱ्या खोलीत बसून चित्रफिती पाहतो, दुपारी सराव पाहतो, आणि मधल्या वेळेत चौकशा करतो. या चौकशा म्हणजे आपल्याकडे स्थळाच्या करतात तशाच. मुलाला थेट विचारण्याआधी आजूबाजूच्यांना विचारायचं. व्यायामशाळेतले प्रशिक्षक, दुखापती बघणारे, अभ्यासाकडे लक्ष देणारे सल्लागार, सामान सांभाळणारी माणसं. मुख्य प्रशिक्षक आपल्या मुलाचं कौतुकच करणार. पण सरावानंतर टॉवेल कुठे टाकतो, हे टॉवेल गोळा करणाऱ्यालाच माहीत असतं.

मग अहवाल. एका स्काउटच्या शब्दावर कोणी विसंबत नाही. वरच्या पातळीवरचा स्काउट त्याच खेळाडूला पुन्हा, स्वतंत्रपणे पाहतो. त्याच्या वर कॉलेज स्काउटिंगचा प्रमुख आणि सर्वांत वर जनरल मॅनेजर. आमच्या लायन्सचे जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स याच शिडीनं वर आले. २००३ मध्ये रॅम्स या संघाकडे स्काउटिंगमध्ये अगदी तळाला लागले, तिथल्या कॉलेज स्काउटिंगचे प्रमुख झाले आणि २०२१ मध्ये डेट्रॉइटला आले.

तुम्हाला करता येईल अशी गोष्ट: कॉलेजचा सामना टीव्हीवर पाहताना एकदा चेंडूवरून नजर काढा. प्रक्षेपणाचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे वाइड रिसीव्हर (फेकी झेलणारे) आणि कॉर्नरबॅक (त्यांना रोखणारे) बराच वेळ चौकटीबाहेरच असतात. स्काउट पाहतात ती फीत उंचावरून घेतलेली, बावीसच्या बावीस जण दिसणारी. तिला 'ऑल-२२' म्हणतात. टीव्हीवरचे झेल आणि पळती पाहून मत बनवणारे आपण सगळे तसे उंटावरून शेळ्या हाकणारेच.

४. मोबाइल आणि इंडियानापोलिस

मोबाइल हे अलाबामातलं गाव. जानेवारीच्या अखेरीला तिथे सीनियर बोल होतो, म्हणजे निवडक खेळाडूंचे दोन संघ करून खेळवलेला सामना. सामना शनिवारी असतो, पण बरेचसे स्काउट त्याआधीच गाशा गुंडाळून निघालेले असतात. त्यांना हवा असतो आठवड्याचा सराव. लहान कॉलेजातला एखादा मुलगा मोठ्या कॉलेजच्या मुलासमोर एकास एक उभा राहतो, तेव्हा वर्षभर अडलेल्या प्रश्नाचं उत्तर पाच सेकंदांत मिळतं.

मग फेब्रुवारीच्या शेवटी कम्बाइन, म्हणजे सगळ्या संघांसमोर मुलांची एकत्र तपासणी आणि चाचण्या. १९८७ पासून इंडियानापोलिसमध्ये. तीनशेहून जास्त मुलांना बोलावणं जातं. टीव्हीवर ४० यार्डांची धाव दाखवतात आणि लोकांना वाटतं कम्बाइन म्हणजे शर्यत. मुळात सगळ्या संघांनी वैद्यकीय तपासणी एकाच ठिकाणी करून घ्यावी म्हणून हे सुरू झालं, आणि आजही संघांना सर्वांत मोलाचं वाटतं ते तेच. एकेका मुलाचा गुडघा वेगवेगळ्या संघांचे डॉक्टर आळीपाळीनं ओढून, वाकवून बघतात. त्या खोलीत कॅमेरा नसतो. एप्रिलमध्ये एखादा नावाजलेला खेळाडू अचानक दोन फेऱ्या खाली घसरला, तर नव्वद टक्के वेळा माझा पहिला संशय त्या खोलीवर जातो.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे मुलाखती. बंद खोली, पंधरा-वीस मिनिटं, समोर अख्खा संघ. मुलाला त्याचीच चुकलेली चाल दाखवतात आणि विचारतात, "इथे काय झालं?" स्वतःची चूक सांगतो की सोबत्याकडे बोट दाखवतो, हे ऐकायचं असतं.

आता दिसणाऱ्या गोष्टी. ४० यार्डांची धाव, १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलतो, उभी उडी, लांब उडी आणि वळणं घेत पळायच्या दोन चाचण्या. ४० यार्डांचा विक्रम झेवियर वर्दीचा: २०२४ मध्ये ४.२१ सेकंद. पुढच्या फळीत भिडणाऱ्या बलदंड लाइनमनच्या बाबतीत मात्र ४० यार्ड सोडा आणि पहिल्या १० यार्डांची वेळ पाहा. तो सामन्यात त्यापुढे सरळ पळतो कधी?

इथली गल्लत, आणि ही सर्वांत महागडी: आकड्यांना भुलणं. १९९५ मध्ये माइक मॅमुलानं कम्बाइनमध्ये सगळ्या चाचण्या गाजवल्या आणि ईगल्सनं त्याला सातवा उचलला. खेळाडू टाकाऊ नव्हता, पण सातव्या क्रमांकाचाही नव्हता. उलट बाजूला जेरी राइस. धाव साधीच, १९८५ मध्ये सोळावा गेला, आणि आज खेळातला सर्वोत्तम रिसीव्हर म्हणून त्याचंच नाव घेतात. आकडे मतासाठी नसतात, फिरून फीत बघण्यासाठी असतात. फितीत संथ दिसलेला मुलगा इंडियानापोलिसला वेगानं पळाला, तर स्काउट जाऊन तीच फीत पुन्हा लावतो.

जाता जाता: याद्यांमध्ये उंची ६०२१ अशी लिहिलेली दिसेल. म्हणजे ६ फूट, ०२ इंच आणि इंचाचा एक-अष्टमांश. मी पहिल्या वर्षी हा खेळाडूचा नोंदणी क्रमांक समजलो होतो.

५. मार्च-एप्रिल: प्रो डे, ३० भेटी आणि अफवा

मार्चमध्ये कॉलेजं आपापल्या मैदानावर प्रो डे ठेवतात, म्हणजे संघांच्या माणसांसमोर आपल्या मुलांच्या चाचण्या. ओळखीचं मैदान, आपलीच माणसं, क्वार्टरबॅकनं आठवडाभर घोकलेल्या फेकी. एकही बचाव करणारा समोर नाही. छान दिसतं. दिसणारच. प्रो डेची वेळ आणि कम्बाइनची वेळ एका रांगेत मांडू नका.

प्रत्येक संघ ३० खेळाडूंना आपल्या मुख्यालयात बोलावू शकतो. जवळपासच्या मुलांना या मर्यादेतून सूट आहे. 'अमुकला बोलावलं म्हणजे अमुकच घेणार' हा निष्कर्ष नवखे लोक लगेच काढतात. बोलावण्याची कारणं पुष्कळ असतात: दुखापत पुन्हा तपासायची असते, स्वभावाबद्दल एक शंका उरलेली असते, कधी शेजारच्या संघाला चकवायचं असतं.

एप्रिलमध्ये बातमीदारांच्या नावानं जे काही फिरतं, त्यातलं बरंचसं कोणीतरी हेतूनं सोडलेलं असतं. कोणाचा फायदा, हे आधी पाहा. संघ खेळाडूचं नाव खाली ढकलतो तो त्याला स्वतःला हवा असतो म्हणूनही, आणि एजंट वर चढवतो ते तर त्याचं कामच आहे. मी एप्रिलचे शेवटचे दहा दिवस बातम्या वाचतच नाही. बायको म्हणते, वर्षातले तेवढेच दहा दिवस मी माणसात असतो.

६. बोर्ड: सगळ्याचा गाभा

एप्रिलमध्ये स्काउट, प्रशिक्षक, डॉक्टर एका खोलीत बसतात आणि भिंतीवर बोर्ड लागतो. आडव्या ओळीत खेळायच्या जागा, उभ्या रांगेत दर्जा. हजारो मुलांतून सुरू झालेली यादी इथे शे-दीडशे नावांवर येते. बाकीच्यांच्या नावाला काट. प्रकृती, वागणूक किंवा आपल्या पद्धतीत न बसणारी शैली, यांतलं एखादं कारण पुरतं. म्हणून टीव्हीवर 'अजून हा कसा शिल्लक?' म्हणून हळहळतात तो खेळाडू कदाचित तुमच्या संघाच्या बोर्डावर नसतोच.

या बोर्डाच्या इतिहासात आपल्याकडचा एक माणूस आहे, ही गोष्ट मला उशिरा कळली. साठच्या दशकात डॅलस काउबॉइज संघाचा कारभार पाहणारे टेक्स श्रॅम यांना स्काउटिंगसाठी संगणक वापरायचा होता. ते काम आलं आयबीएमच्या एका उपकंपनीतल्या सलाम कुरेशी यांच्याकडे. भारतात जन्मलेले, अलीगढला शिकलेले संख्याशास्त्रज्ञ. या खेळाची त्यांना काहीही माहिती नव्हती. अडचण गणिताची नव्हतीच, शब्दांची होती. एक स्काउट 'चपळ' म्हणतो ते आणि दुसरा म्हणतो ते एकच कशावरून? कोणी सगळ्यांना चांगले मार्क देतो, कोणी हात आखडता घेतो. कुरेशींनी शब्दांचे प्रश्न केले आणि उत्तरांचे आकडे. आज कुठल्याही संघाचा दर्जाचा तक्ता पाहिला की मला बोलीचं विचारणारा मी आठवतो आणि थोडं बरं वाटतं.

बोर्ड वाचायची युक्ती अशी: क्रमांक सोडा आणि पायऱ्या पाहा. एकाच दर्जाचे पाच खेळाडू शिल्लक असतील तर संघ निवांत मागे सरकतो, कारण पाचातला एक तरी मिळणारच. त्या दर्जाचा एकच उरला असेल तर पुढे उडी घेतो.

'गरज बघावी की गुणवत्ता' हा वाद तुम्हाला दर वर्षी ऐकू येईल. माझ्यापुरता तो २०२३ मध्ये मिटला. बाराव्या क्रमांकावर लायन्सनं जहमीर गिब्ज हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, घेतला. रनिंग बॅक पुढच्या फेऱ्यांतही मिळतात, त्यांची कारकीर्द आखूड असते, एवढ्या वर कोणी घेत नाही, असं देशभरचे पंडित म्हणाले. मीही म्हणालो, जरा मोठ्यानं. मग अठराव्या क्रमांकावर लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला) जॅक कॅम्बेल. पुन्हा तीच बोंब. २०२४ च्या मोसमात गिब्जनं २० टचडाउन केले. होम्स यांच्या बोर्डावर तो त्याच जागी होता, आणि पंडितांची यादी त्यांच्या भिंतीवर नव्हती, इतकंच.

याची दुसरी बाजूही डेट्रॉइटनंच पाहिली आहे. २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षं पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर घेतले. दुसरा, सातवा, दहावा. २००८ मध्ये सोळापैकी सोळा सामने हरलो. जुने लोक हा विषय काढला की अजूनही उठून स्वयंपाकघरात जातात.

७. सौदे: किमतीचा तक्ता हाताशी ठेवा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी वापरात आणलेला तक्ता आजही उपयोगी पडतो. पहिली निवड ३००० गुण, दुसरी २६००, बत्तिसावी ५९०. पुढे संघांनी आपापले सुधारित तक्ते केले, पण शिकायला हाच सोपा.

उदाहरण आमच्या अंगणातलं. २०२४ मध्ये लायन्सची निवड २९ वी होती. २४ व्या जागेसाठी त्यांनी डॅलसला २९ वी आणि ७३ वी निवड दिली, आणि बदल्यात पुढच्या वर्षीची सातव्या फेरीतली एक किरकोळ निवडही घेतली. तक्त्यात २४ म्हणजे ७४० गुण. २९ आणि ७३ मिळून ६४० अधिक २२५, म्हणजे ८६५. डेट्रॉइटनं जास्त मोजलं. का? अलाबामाचा कॉर्नरबॅक टेरियन अर्नोल्ड त्या पायरीवरचा शेवटचा होता, असा माझा कयास.

पुढच्या वर्षांच्या निवडीही सौद्यात घालता येतात, आणि तिथेच मोठी गंमत होते. २०२३ मध्ये शिकागोनं आपली पहिली निवड कॅरोलायनाला दिली. त्या बदल्यात आलेल्या गोष्टींत कॅरोलायनाची २०२४ ची पहिल्या फेरीतली निवड होती. कॅरोलायना त्या मोसमात १७ पैकी १५ सामने हरला. ती निवड आपोआप क्रमांक एकची झाली आणि शिकागोनं तीवर केलेब विल्यम्स घेतला. उधारीवर दिलेल्या निवडीचा क्रमांक देणाऱ्याच्या नशिबावर ठरतो, हे विसरू नका.

८. तीन दिवस कसे पाहावेत

गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी-तिसरी, शनिवारी चार ते सात. पुण्या-नाशिकहून पाहणाऱ्यांसाठी: गुरुवारची सुरुवात म्हणजे तुमची शुक्रवारची पहाट, साडेपाच. शुक्रवारची म्हणजे शनिवारी पहाटे साडेचार. शेवटचा दिवस शनिवारी रात्री साडेनऊला. एकच दिवस जागणार असाल तर दुसरा निवडा. पहिल्या दिवशी दिखावा फार, तिसऱ्या दिवशी नावं इतकी भराभर येतात की नवख्याला काही हाती लागत नाही. दुसऱ्या दिवशी खरे संघ बांधले जातात.

प्रत्येक निवडीला घड्याळ लागतं. २००८ मध्ये पहिल्या फेरीची वेळ १५ वरून १० मिनिटांवर आणली. पुढच्या फेऱ्यांत ती आणखी कमी होत जाते. वेळ संपली तर हक्क जात नाही, पण मागचा संघ तुमच्या आधी घुसू शकतो. २००३ मध्ये मिनेसोटाच्या सातव्या क्रमांकावर हेच झालं. सौदा करता करता वेळ टळली, दोन संघ पुढे निघून गेले, आणि मिनेसोटानं नववा म्हणून केव्हिन विल्यम्स घेतला. तो पुढे त्यांच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक ठरला.

फोन उलटा ठेवा. बातमीदार नावं मंचावरून जाहीर व्हायच्या आधीच फोडतात.

मंचामागे बसलेल्या मुलांवर कॅमेरा सतत फिरतो. २००५ मध्ये, पुढे नावाजलेला क्वार्टरबॅक झालेला ॲरन रॉजर्स तिथे तासन्‌तास बसून राहिला आणि २४ वा गेला. त्याच्या चेहऱ्यावरून कोणी काही शिकलं असेल तर तो कॅमेरामन. तुम्ही त्या वेळी आपल्या यादीतली नावं खोडा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर शहर दर वर्षी बदलतं: २०२४ डेट्रॉइट, २०२५ ग्रीन बे, २०२६ साठी पिट्सबर्ग ठरलं. डेट्रॉइटला प्रवेश फुकट होता, फक्त ॲपवर आधी नाव नोंदवायचं होतं. मी नोंदवलं होतं, पण ऑफिस आटपून सावकाश निघालो. पहिल्या दिवशी पावणेतीन लाखांहून जास्त लोक आले. मी पोचलो तेव्हा आत सोडणं थांबलं होतं. बाहेरच्या रस्त्यावर, एका अनोळखी माणसाच्या मुलाला खांद्यावर घेऊन, अर्नोल्डचं नाव ऐकलं. जाणार असाल तर दुपारीच जा.

९. शनिवारी टीव्ही लगेच बंद करू नका

शेवटची निवड झाली की फोन सुरू होतात. न निवडलेल्या मुलांशी कुठलाही संघ करार करू शकतो. सातवी फेरी चालू असतानाच एजंट आणि स्काउट बोलत असतात, आणि खरं सांगायचं तर सातव्या फेरीत निवडलं जाण्यापेक्षा न निवडलं जाणं काही मुलांना सोयीचं पडतं, कारण मग संघ त्यांना स्वतः निवडता येतो. जिथे आपल्या जागेवर गर्दी कमी, तिथे जायचं. कर्ट वॉर्नर १९९४ मध्ये न निवडला गेलेला क्वार्टरबॅक. मधल्या काळात आयोवात किराणा दुकानाच्या फळ्या भरत होता, आणि १९९९ चा मोसम संपला तेव्हा सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू होता. आपल्या संघानं कोणाला करारबद्ध केलं, ती यादी रविवारी शोधा. तिच्यात बहुतेक एक तरी नाव सप्टेंबरमध्ये मैदानावर दिसतं.

१०. आता ती वही

रविवारी सकाळी वर्तमानपत्रं संघांना मार्क देतात. मुलांनी अजून एक चेंडू झेललेला नसतो. ते वाचा, करमणूक म्हणून. पण त्याआधी स्वतःचं मत वहीत लिहा: नाव, क्रमांक, आवडलं की नाही आणि का. तारीख घाला. मग पान तीन मोसम उघडू नका. तिसऱ्या मोसमानंतरच्या मे महिन्यापर्यंत संघाला पहिल्या फेरीतल्या खेळाडूचं पाचवं वर्ष घ्यायचं की नाही हे सांगावं लागतं. म्हणजे संघ स्वतःच आपल्या निवडीचा निकाल लावतो. त्या दिवशी आपलं पान काढायचं.

माझ्या २०२१ च्या पानावर चौथ्या फेरीत, ११२ व्या क्रमांकावर, पुढे लायन्सचा हुकमी रिसीव्हर झालेल्या एमन-रा सेंट ब्राउनपुढे 'ठीक' लिहिलंय. त्याला स्वतःला आपल्या आधी निवडले गेलेले सोळाच्या सोळा रिसीव्हर तोंडपाठ आहेत. २०२३ च्या पानावर गिब्जच्या नावापुढे दोन प्रश्नचिन्हं आहेत, आणि खाली पेन इतकं दाबून काहीतरी लिहिलंय की ते मागच्या पानावर उमटलंय.